सात पुलांचे कोडे आणि वाटांचे गणित



वसंत व्याख्यानमालेत गणितावर बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. उन्हाळ्याचे दिवस, दिवसभराच्या कामाने शिणलेली मंडळी, आणि त्यात विषय गणिताचा! पण आपण धीर सोडू नये. आज आम्ही एकही समीकरण मांडणार नाही. बेरीज करणे आणि दोनाने भागणे एवढ्या भांडवलावर आजचा सारा व्यापार चालावयाचा आहे. सम संख्या कोणती आणि विषम कोणती हे ज्याला सांगता येते, तो ह्या विषयाचा पुरेपूर अधिकारी श्रोता होय.

लहानपणी पाटीवर एक खेळ आपण सर्वांनी खेळलेला असतो. एक चौकोन काढावयाचा, त्याचे दोन्ही कर्ण काढावयाचे. म्हणजे बंद पाकिटाची आकृती झाली. ही आकृती पेन्सिल न उचलता, आणि एकदा काढलेल्या रेषेवरून पुन्हा न जाता, काढून दाखव अशी पैज लागते. पोर बिचारे पाटी पुसपुसून हैराण होते. मग कोणी थोरला भाऊ येतो, चौकोनाच्या डोक्यावर छपरासारख्या दोन तिरप्या रेषा चढवितो, आणि ते उघडे पाकीट एका दमात काढून मोकळा होतो! आता ह्यात चमत्कार असा की, रेषा वाढविल्यावर काम अवघड व्हावे, ते सोपे झाले. आणि कमी रेषांची आकृती काही केल्या निघत नाही. निघत नाही म्हणजे आपल्याला जमत नाही, की ती कोणालाच जमणार नाही? ह्या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचे अंतर आहे. 'मला सापडले नाही' हे कोणीही म्हणेल. 'हे असूच शकत नाही' असे म्हणावयास कारण द्यावे लागते. ते कारण देण्याचा पहिला मान ज्या प्रश्नाकडे जातो, त्याची हकीकत आता सांगावयाची आहे.

प्रशियात प्रेगेल नदीच्या काठी क्योनिग्सबर्ग नावाचे जुने शहर होते. तत्त्वज्ञ कान्ट ह्याच गावचा. त्याचा जन्म १७२४ चा, आणि सारे आयुष्य ह्याच परिसरात गेले. त्याच्या नित्याच्या फेरफटक्याची ख्याती तर सर्वांस ठाऊकच आहे. ह्या गावात नदीच्या पात्रात क्नाइपहोफ नावाचे बेट आहे, आणि त्याच्या पूर्वेस नदीच्या दोन शाखांमध्ये सापडलेला आणखी एक भूभाग आहे. उत्तरेचा काठ, दक्षिणेचा काठ, बेट आणि पूर्वेचा भाग, असे गावाचे चार तुकडे. त्यांना जोडणारे अठराव्या शतकात सात पूल होते. बेटावरून उत्तरेला दोन, दक्षिणेला दोन आणि पूर्वभागाकडे एक, असे पाच. आणि पूर्वभागाहून उत्तरेला एक व दक्षिणेला एक, असे दोन. नावेही मोठी गमतीची होती: कोणाचे नाव लोहारपूल, कोणाचे हिरवा पूल, एकाचे लाकडी पूल, तर एकाचे चक्क मधाचा पूल. गावकऱ्यांत एक कोडे रूढ झाले होते की, फिरावयास निघून सातही पूल ओलांडावे, पण एकही पूल दोनदा ओलांडू नये, असे कोणास साधेल काय? साधल्याचे कोणी दाखवीत नव्हते, आणि साधणार नाही असे सिद्धही कोणी करीत नव्हते.

हे कोडे लेओनार्ड ऑयलर ह्याच्यापर्यंत पोहोचले. ऑयलर मूळचा स्वित्झर्लंडमधील बाझेलचा, जन्म १७०७ चा. वीस वर्षांचा असताना तो रशियात सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठिकेत दाखल झाला. डॅनझिग शहराचा नगराध्यक्ष एलर ह्याचा त्याच्याशी पत्रव्यवहार होता, आणि त्या पत्रव्यवहारात हा पुलांचा प्रश्न येतो. १७३६ च्या एप्रिलमध्ये ऑयलरने एलरला जे उत्तर लिहिले ते मोठे मासलेवाईक आहे. त्याचा आशय असा की, ह्या प्रश्नाचा गणिताशी फारसा संबंध नाही. हे निव्वळ विचारशक्तीचे काम आहे, आणि ते इतर कोणापेक्षा गणितज्ञाकडूनच व्हावे अशी अपेक्षा का करावी हे आपल्याला समजत नाही. पण त्याच वर्षी मार्चमध्ये व्हिएन्नाच्या मारिनोनी नावाच्या राजज्योतिर्विदाला लिहिताना तो असेही कबूल करतो की, प्रश्न क्षुल्लक दिसला तरी तो लक्ष देण्याजोगा वाटला, कारण भूमिती, बीजगणित किंवा मोजणीची कला ह्यांपैकी एकानेही तो सुटत नाही. ह्या दोन पत्रांत आम्हास विसंगती दिसत नाही. घरात नवे मूल जन्माला आले आहे, पण ते कोणाच्या वळणावर गेले आहे हे अजून कळत नाही, अशी ती अवस्था आहे. भूमितीत लांबी लागते, कोन लागतात. येथे पूल शंभर हात लांब असो की हजार हात, काही फरक पडत नाही. काय कशाला जोडले आहे, एवढेच महत्त्वाचे.

ऑयलरने आपला निबंध १७३५ च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठिकेपुढे वाचला. तो १७३६ च्या खंडात घातला गेला आणि प्रत्यक्ष छापून बाहेर पडला १७४१ साली. (छापखान्यांची गती त्या काळीही अशीच होती!) आजच्या पुस्तकांतून चार ठिपके आणि सात रेषांची जी आकृती ऑयलरच्या नावावर दिलेली असते, ती त्याच्या निबंधात मुळी नाहीच. त्याने वापरली ती अक्षरे. त्याची युक्ती इतकी सोपी आणि इतकी देखणी आहे की, ती मूळच्या स्वरूपातच सांगितली पाहिजे.

बेटाला 'अ' म्हणा, उत्तर काठाला 'ब', दक्षिण काठाला 'क' आणि पूर्वभागाला 'ड'. कोणी अ वरून ब वर गेला तर लिहावयाचे 'अब'. तेथून पुढे ड वर गेला तर 'अबड'. म्हणजे एक पूल ओलांडला की दोन अक्षरे झाली, दोन ओलांडले की तीन, आणि सात पूल ओलांडले की आठ. सातही पूल एकेकदा ओलांडणारी वाट असेल, तर ती आठ अक्षरांचा एक शब्द होईल. बरे, आता त्या शब्दात 'ब' हे अक्षर किती वेळा यावे? ब ला तीन पूल आहेत. शब्दाच्या मध्ये कोठेही 'ब' आला की तो दोन पूल खातो, एक येताना आणि एक जाताना. शब्दाच्या अगदी आरंभी किंवा शेवटी आला तर एकच पूल खातो. मग तीन पूल खपावयाचे तर ब एकदा येऊन भागणार नाही. दोनदा आला पाहिजे, आणि त्यांपैकी एकदा टोकाला. हाच न्याय क ला आणि ड ला, कारण त्यांनाही तीनतीनच पूल. अ ला पूल पाच, तेव्हा तो तीनदा आला पाहिजे. आता बेरीज करा. तीन, दोन, दोन आणि दोन, एकूण नऊ. शब्द आठ अक्षरांचा, आणि त्यात कोंबावयाची अक्षरे नऊ! झाले, खटला निकालात निघाला. क्योनिग्सबर्गचा कोणीही रहिवासी, तो कितीही चलाख असो आणि शंभर वर्षे फिरत राहो, ती वाट त्याला सापडणार नाही.

हाच विचार आज आपण थोड्या वेगळ्या शब्दांत मांडतो. जेथे वाटा मिळतात त्या जागेला गाठ म्हणू. गणिताच्या पुस्तकात तिला शिरोबिंदू म्हणतात. गाठी आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा मिळून जे जाळे होते त्याला आलेख म्हणतात. इंग्रजीतील त्याचे नाव सिल्व्हेस्टरने १८७८ मध्ये दिले. एखाद्या गाठीला जितक्या वाटांची टोके येऊन भिडतात, ती तिची कोटी. तिठ्याची कोटी तीन, चौकाची चार, बंद बोळाच्या टोकाची एक. आता चालणारा माणूस वाटेतल्या गाठीत जितक्या वेळा शिरतो तितक्याच वेळा तेथून बाहेर पडतो. म्हणून तिच्या वाटा जोडीजोडीने संपतात, आणि तिची कोटी सम असलीच पाहिजे. सवलत फक्त दोन गाठींना, जेथून निघाला ती आणि जेथे थांबला ती. तेव्हा दोनांहून अधिक गाठी विषम कोटीच्या असतील तर एका दमात फिरणे अशक्य. क्योनिग्सबर्गच्या चारही गाठी विषम. आपल्या बंद पाकिटाचे चारही कोपरे तीन तीन कोटीचे, म्हणून पोर रडकुंडीला आले. वर छप्पर चढविताच वरचे दोन कोपरे चार कोटीचे झाले, छपराचे टोक दोन कोटीचे, मधली फुली चार कोटीची. विषम राहिले फक्त खालचे दोन कोपरे. म्हणून उघडे पाकीट निघते. मात्र ते खालच्याच एका कोपऱ्यापासून सुरू करावे लागते. वरून सुरू केले की थोरल्या भावाचीही फजिती ठरलेली. तिकडे दक्षिणेत अंगणात जे कोलम काढतात त्यांत ठिपक्यांभोवती वळसे घेत जाणारी एकच बंद रेषा पुष्कळदा असते. तेथे रेषेने रेषेला छेदले की चार टोके एकत्र येतात, म्हणजे सगळ्या गाठी आपोआप सम.

येथे एक लहानशी पण मोठ्या कामाची गोष्ट सांगून ठेवतो. प्रत्येक वाटेला टोके दोन असतात. म्हणून सगळ्या गाठींच्या कोट्यांची बेरीज ही वाटांच्या संख्येच्या दुप्पट होते. क्योनिग्सबर्गात पाच, तीन, तीन आणि तीन मिळून चौदा, पूल सात. ही बेरीज नेहमीच सम, आणि म्हणून विषम कोटीच्या गाठी मोजल्या तर त्यांची संख्याही समच भरावी लागते. दसऱ्याला सोने देण्याघेण्यास गाव बाहेर पडतो. रात्री प्रत्येकाने आपण किती भेटी घेतल्या ते मोजले, तर ज्यांच्या भेटी विषम झाल्या अशा माणसांची संख्या सम असेल. गाव लहान असो, मोठा असो, कोणी रुसून घरी बसलेला असो. ह्या नियमास अपवाद नाही. कोण कोणाला भेटला ह्यातले काहीही ठाऊक नसताना एवढे ठामपणे सांगता येते, ही आमच्या मते साध्या मोजणीची थोर करामत आहे. आणि ह्यावरून असे दिसते की, एकच विषम गाठ असलेले जाळे जगात असूच शकत नाही. एक तर एकही नाही, नाही तर दोन, नाही तर चार, ह्याच क्रमाने.

विषम गाठी दोनांहून अधिक असल्यास वाट नाही, हे ऑयलरने सिद्ध केले. पण विषम गाठी नसल्या, किंवा दोनच असल्या, तर वाट निश्चित सापडते काय? ऑयलरने 'सापडते' म्हणून सांगितले, पण त्याची पुरी सिद्धता दिली नाही. ते काम सोपे समजून तो पुढे गेला. थोरांना जे सोपे वाटते ते मागून येणाऱ्यांनी सिद्ध करावयाचे, हा विद्येच्या प्रांतातला जुना रिवाज आहे. ही बाजू पुरी व्हावयास सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. ती पुरी करणारा कार्ल हिअरहोल्त्सर हा तरुण जर्मन गणिती १८७१ साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी वारला. आपली सिद्धता त्याने सहकाऱ्यांना तोंडी सांगितली होती, लिहून ठेवली नव्हती. त्या मित्रांनी ती आठवून लिहून काढली आणि १८७३ मध्ये त्याच्याच नावाने प्रसिद्ध केली. ऑयलरचे नाव आज ह्या आलेखांना मिळाले आहे आणि ते योग्यच आहे. पण मित्राच्या तोंडच्या चार गोष्टी जपून ठेवणाऱ्या त्या माणसांचीही आठवण आम्हास येथे करावीशी वाटते.

हिअरहोल्त्सरची युक्ती माळीणबाईंना चटकन समजेल अशी आहे. जाळे एकसंध आहे आणि सर्व गाठी सम आहेत असे धरा. कोठूनही निघा आणि न वापरलेल्या वाटेने चालत राहा. कोणत्याही मधल्या गाठीत शिरलात तर बाहेर पडावयास वाट शिल्लक असणारच, कारण तेथील वाटा सम आहेत. अडकलात तर फक्त निघालात त्याच जागी. म्हणजे एक वेढा पुरा झाला. सर्व वाटा संपल्या असतील तर उत्तम. नसतील, तर ह्या वेढ्यावरची एखादी गाठ अशी असेलच की जिच्यातून न वापरलेली वाट फुटते, कारण जाळे एकसंध आहे. तेथून दुसरा वेढा घ्या. उरलेल्या वाटांतही प्रत्येक गाठ समच आहे, म्हणून तोही त्याच गाठीशी परत येईल. मग पहिली माळ त्या गाठीशी सोडावयाची आणि दुसरी माळ मध्ये ओवून टाकावयाची. वाटा काही अनंत नाहीत. असे करता करता सगळी फुले एका माळेत येतात. आणि विषम गाठी दोन असल्या तर त्यांच्यात एक काल्पनिक पूल टाका, सर्व सम करा, माळ ओवा, आणि शेवटी काल्पनिक पूल काढून घ्या. माळेची दोन टोके त्या दोन गाठींशी मोकळी होतील.

क्योनिग्सबर्गचे पुढे काय झाले? १८७५ च्या सुमारास उत्तर आणि दक्षिण काठांना जोडणारा एक नवा पूल झाला. त्याबरोबर त्या दोन काठांची कोटी चार चार झाली, विषम उरले बेट आणि पूर्वभाग, आणि ऑयलरला जे अशक्य ठरले होते ते फिरणे गावकऱ्यांना साधू लागले. ऑयलरच्या निबंधानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १९३६ साली, ह्या शास्त्रावरचा पहिला स्वतंत्र ग्रंथ लाइपझिगला निघाला; लिहिणारा बुडापेस्टचा डेनेश क्योनिग. हा ज्यू कुळातला. १९४४ च्या ऑक्टोबरात बुडापेस्टमध्ये ज्यूद्वेष्ट्या गुंडांची सत्ता आली आणि त्याच महिन्यात त्याने आपला जीव दिला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश बाँबफेकीने क्योनिग्सबर्गचा मध्यभाग बेचिराख झाला होता. युद्धानंतर शहर रशियाकडे गेले, १९४६ मध्ये त्याचे नाव कालिनिनग्राड झाले. जुन्या सातांपैकी दोन पूल युद्धात गेले, आणि दोन पुढे पाडून त्यांच्या जागी बेटावरून जाणारा नवा उंच रस्ता बांधला गेला. त्या सात जागांपैकी पाच जागीच आता नदी ओलांडता येते. बेटाची कोटी तीन, पूर्वभागाची तीन, दोन्ही काठांची दोन दोन. म्हणजे ह्या पाचांपुरते कोडे आज सुटते. कान्टची समाधी मात्र त्याच बेटावर, प्रार्थनामंदिराच्या भिंतीशी, अजून आहे.

आता आपल्यापैकी व्यवहारी गृहस्थ विचारतील की, कोडे झाले, इतिहास झाला, पण उपयोग काय? उपयोग पाहावयाचा तर पोस्टमनच्या पायांकडे पाहावे. टपालाची पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला आपल्या वाट्याचा प्रत्येक रस्ता चालावाच लागतो, आणि शेवटी कचेरीत परत यावे लागते. सगळ्या गाठी सम असतील तर एकही पाऊल वाया जाणार नाही. पण आपल्या जुन्या पेठा काही अशा आखलेल्या नाहीत. तेथे तिठे आणि तिकट्या पावलोपावली, बंद बोळ त्याहून जास्त. कोल्हापुरास तर 'पापाची तिकटी' म्हणून जागाच प्रसिद्ध आहे. ह्या सगळ्या विषम गाठी. तेव्हा काही रस्ते दोनदा तुडविणे अटळ आहे. प्रश्न एवढाच उरतो की, कमीत कमी किती?

हा प्रश्न नीट मांडला तो चीनमधील शानतुंग प्रांताच्या ग्वान मेइगु ह्या तरुण गणिताध्यापकाने. १९५८ मध्ये चीनमध्ये 'मोठ्या उडी'ची मोहीम सुरू झाली आणि गणितज्ञांनाही प्रत्यक्ष कामाच्या प्रश्नांकडे वळविण्यात आले. त्या मोहिमेमागून जो भयंकर दुष्काळ आला त्याचे समर्थन कोणी करू नये. पण ग्वानचा १९६० चा निबंध हे त्या काळातले एक निर्मळ फळ आहे, हेही तितकेच खरे. १९६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि पाश्चात्त्यांनी प्रश्नाला नाव दिले 'चिनी पोस्टमनचा प्रश्न'. विचार असा आहे. विषम गाठींची संख्या सम असते हे आपण मघाच पाहिले. तेव्हा त्यांच्या जोड्या लावता येतात, एकही गाठ एकटी उरत नाही. प्रत्येक जोडीमधला जवळात जवळचा मार्ग दुबार चालावयाचा असे ठरविले की त्या दोन्ही गाठी सम होतात, आणि मग माळ ओवता येते. जोड्या मात्र अशा लावावयाच्या की दुबार चालीची एकूण लांबी सर्वांत कमी व्हावी.

येथेच खरी मेख आहे. चार विषम गाठींच्या जोड्या तीन प्रकारे लागतात, सहांच्या पंधरा प्रकारे, दहांच्या ९४५ प्रकारे. वीस गाठींच्या जोड्या लावण्याचे प्रकार होतात ६५ कोटी ४७ लाख २९ हजार ७५! आणि वीस तिठे म्हणजे काही मोठे शहर नव्हे, एखादी बरीशी पेठच. सगळे प्रकार तपासावयाचे म्हटले तर पोस्टमन निवृत्त होईल. परंतु जॅक एडमंड्स ह्याने १९६५ मध्ये सर्वांत स्वस्त जोड्या सगळे प्रकार न तपासता काढण्याची रीत शोधली, आणि १९७३ मध्ये एलिस जॉन्सन ह्याच्या सहकार्याने ती पोस्टमनच्या प्रश्नाला लावून दाखविली. रस्ते झाडणारे, कचरा नेणारी घंटागाडी, वीजमापके वाचीत फिरणारा कामगार, बर्फाच्या मुलखात रस्त्यावरचे हिम लोटणारी यंत्रे, ह्या सर्वांचा प्रश्न मुळात एकच. कागदावर आखणी करणारा खुर्चीत बसलेला असतो. चुकीची आखणी उन्हात पायांनी फेडावी लागते ती दुसऱ्याला. म्हणून ह्या गणिताला आम्ही करमणूक म्हणावयास तयार नाही.

पण एक सावधगिरी. प्रत्येक वाट एकदा चालणे हा एक प्रश्न. प्रत्येक गाठ एकदा पाहणे हा निराळाच. पोस्टमनला रस्ते चालावयाचे असतात, फिरत्या विक्रेत्याला गावे गाठावयाची असतात. दोन्ही ऐकावयास भावंडे वाटतात, पण दुसऱ्यासाठी 'कोट्या मोजा आणि सांगा' अशी सोपी परीक्षा आजवर कोणास सापडलेली नाही; १९७२ मध्ये रिचर्ड कार्पने तो प्रश्न अत्यंत कठीण प्रश्नांच्या पंक्तीतच बसविला. बुद्धिबळाच्या पटावर घोड्याने प्रत्येक घरात एकदाच जावे, हे ह्याच जातीचे कोडे. नवव्या शतकात रुद्रटाने 'काव्यालंकारा'त घोड्याच्या चालीने वाचता येणारा श्लोक घालून ते संस्कृत काव्यात आणले, आणि पुढे आपल्या ऑयलरनेही त्याच्यावर निबंध लिहिला.

संस्कृताचा विषय निघालाच आहे, तर आपल्या सर्वांच्या ओळखीची एक चीज काढू. वृत्ते शिकताना गुरुजींनी पाठ करून घेतलेले सूत्र आठवते का? 'यमाताराजभानसलगाम्'. तीन अक्षरांचा एक गण. अक्षर लघु किंवा गुरु. म्हणून गण आठ. सूत्रात 'य' पासून तीन अक्षरे घ्या: य-मा-ता, लघु-गुरु-गुरु, हा यगण. 'मा' पासून तीन घ्या: मा-ता-रा, तिन्ही गुरु, हा मगण. असे सरकत सरकत 'स-ल-गाम्' पर्यंत गेले की आठही गण एकेकदा येतात, एकही दोनदा येत नाही. आठ गण सुटे लिहावे तर चोवीस अक्षरे लागतील. येथे काम झाले दहांत. आणि दहांहून कमीत ते होणारही नाही. पहिल्या गणाला तीन अक्षरे, पुढच्या प्रत्येक गणाला निदान एक नवे, तीन आणि सात दहा.

आता ह्या सूत्राकडे पुलांच्या डोळ्यांनी पाहा. चार गावे कल्पा: लल, लग, गल आणि गग. प्रत्येक गण हा एकमार्गी रस्ता समजा. पहिल्या दोन अक्षरांच्या गावाहून निघावयाचे आणि शेवटच्या दोन अक्षरांच्या गावी पोहोचावयाचे. यगण म्हणजे ल-ग-ग. तो लग हून गग ला जातो. मगण गग हून निघून गग लाच येतो, म्हणजे गावाभोवतीचा वळसा. तगण तेथून गल ला, रगण गल हून लग ला, जगण लग हून पुन्हा गल ला, भगण गल हून लल ला, नगण लल ला वळसा घालतो, आणि सगण लल हून लग ला. निघालो लग हून, परतलो लग ला! प्रत्येक गावात दोन रस्ते शिरतात आणि दोन बाहेर पडतात; एकमार्गी रस्त्यांच्या जाळ्यात सम कोटीच्या जागी हीच अट असते. आपले सूत्र म्हणजे ह्या जाळ्यातली ऑयलरची प्रदक्षिणा आहे. म्हणूनच त्याची शेवटची दोन अक्षरे, ल आणि गाम्, पहिल्या दोन अक्षरांसारखीच लघु-गुरु आहेत. टोकाला टोक जोडले की आठ मण्यांची बंद माळ होते. अशा माळा तीन अक्षरांच्या गणांसाठी दोनच आहेत, एक ही आणि दुसरी हिचीच उलट. चार अक्षरांचे गण कल्पिले तर माळा सोळा, पाचांचे कल्पिले तर २०४८. ही मोजणी डच गणिती डी ब्रॉइन ह्याने १९४६ मध्ये केली, आणि फ्रेंच फ्लाय सँत-मारी ह्याने त्याच्याही आधी १८९४ मध्ये. तुकडा तुकडा अंगावर घेऊन सरकण्याची ही कल्पना आमच्या छंदःशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या जिभेवर होती; तिचे गणित मात्र तिकडे झाले. ह्यात अभिमानही आहे आणि थोडी चुटपुटही.

आणि हीच सरकती माळ आता थेट जीवशास्त्रात जाऊन पोहोचली आहे. आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा जो लेख असतो तो चार अक्षरांत लिहिलेला आहे, आणि माणसाच्या बाबतीत त्याची लांबी सुमारे ३०० कोटी अक्षरे आहे. यंत्राला तो सलग वाचता येत नाही. बहुतेक यंत्रे शेदीडशे अक्षरांचे तुकडे वाचतात, आणि तेही गोंधळलेल्या क्रमाने. पोथी फाडून तिच्या चिंधड्या वाऱ्यावर सोडाव्या आणि मग म्हणावे की आता पोथी लावून द्या, असा हा प्रसंग आहे. पूर्वी प्रत्येक तुकड्याला गाठ समजत आणि सर्व गाठींतून जाणारी वाट शोधू पाहत; तो प्रश्न कठीण जातीचा. २००१ मध्ये पेव्हझ्नर, टँग आणि वॉटरमन ह्यांनी पोथी उलटी धरली. तुकड्यांचे आणखी लहान, ठराविक लांबीचे शब्द करावयाचे आणि शब्दाला गाठ न मानता वाट मानावयाची, नेमके आपल्या गणांसारखे. मग शोधावयाची ती ऑयलरची वाट, आणि ती तर सापडणारी! २०२० च्या जानेवारीत नव्या करोना विषाणूचा २९,९०३ अक्षरांचा लेख जगापुढे आला, तोही ह्याच जातीच्या आलेखावरून तुकडे जुळवून. लस तयार करणाऱ्यांनी त्या लेखावरूनच कामास सुरुवात केली.

तरी सगळे सुटले असे नाही. ऑयलरची वाट असते हे खरे, पण ती एकच असते असे नव्हे. आत्ताच आपण सोळा आणि २०४८ माळा मोजल्या. डीएनएच्या लेखात एकच मजकूर पुन्हा पुन्हा येतो, कोठे कोठे तर हजारो अक्षरे लांब. असा मजकूर वाचलेल्या तुकड्याहून लांब असला की गाठीत शिरल्यावर पुढे कोणत्या वाटेने जावे हे आलेख सांगू शकत नाही. माणसाचा डीएनए वाचून झाल्याची द्वाही २००३ मध्ये फिरली, तेव्हा अशाच जागांमुळे सुमारे आठ टक्के भाग कोरा राहिला होता. हजारो अक्षरे सलग वाचणारी यंत्रे आल्यावर २०२२ मध्ये तो भरला. आणि पुरुषांत असणारे वाय गुणसूत्र, ज्यात असा पुनरुक्त मजकूर फारच आहे, ते टोकापासून टोकापर्यंत वाचून झाले त्याच्याही पुढल्या वर्षी, २०२३ मध्ये.